लाल पिशवीला तीन हुकूम

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. रुग्णालयाच्या धुलाईखोलीत बटणमावशींनी पहिली खेप मशीनमध्ये लोटली आणि डबीतले एक बटण काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. सात बटणे जमली की मशीनचा ड्रम रिकामा धुवायचा. एकवीस वर्षांत ही मोजणी चुकलेली नाही.

गुडघा मात्र आता दगा देतो. ओल्या चादरींचा गठ्ठा उचलला की कळ कमरेपर्यंत जाते. मुकादमांनी आठवड्यापूर्वी वाट दाखवली होती. "नव्या मशीनच्या पडद्यासमोर बसायला माणूस हवाय. वॉर्डातल्या कपड्यांच्या पिशवीचा रंग टाकला की किती गरम पाण्यात धुवायचं ते सांगणारा प्रोग्राम लिहून दाखवा, खुर्ची तुमची. नाहीतर बाहेरून कुणीतरी आणतो." मुदत आज अकराची.

शिकवणी आठवडाभर रात्री घरी, सुनेच्या लॅपटॉपवर. भागाकारातली बाकी सांगणारे चिन्ह मावशींना लगेच पटले: खेपेच्या आकड्याला सातने भागा, बाकी शून्य आली की ड्रम धुवा.

"म्हणजे माझी डबीच की गं!"

"डबीच. फक्त हिच्यातली बटणं तुमचा नातू पळवत नाही."

घोडे अडले स्विचपाशी. स्विच म्हणजे रंग बघून त्याच्या नावाच्या ओळीवर जायची सोय. मावशींनी लिहिले: लाल, सत्तर अंश, निळी, साठ, हिरवी, तीस. लाल टाकल्यावर पडद्यावर तिन्ही आकडे आले. निळीला दोन. हिरवीला एकच, आणि तो बरोबर.

"हिरवीनं काय पुण्य केलंय?" म्हणत त्यांनी हिरवीची ओळ सगळ्यांत वर नेली. आता तिलाही तीन आकडे!

"रंगाचं काही नाही गं, जागेचं आहे. वरून शिरलं की हे तळापर्यंत घरंगळतंय."

"घरंगळणारच. थांब म्हणून कुठं सांगितलंत, आई?"

"आमच्याकडे मशीनचं दार लागलं की त्या पिशवीचं काम संपलं. थांब कोण कशाला म्हणेल?"

"हा ठोंब्या आहे. याला दार दिसत नाही."

मग प्रत्येक रंगाच्या हुकमाखाली 'ब्रेक' हा एक शब्द आला आणि घरंगळणे थांबले.

अकराला मुकादम आले. लाल टाकले: सत्तर. निळी: साठ. हिरवी: तीस. मग त्यांनी मिस्कीलपणे 'काळी' टाकले. अशी पिशवी रुग्णालयात नाहीच. पडद्यावर उमटले: मशीनमध्ये टाकू नका, वॉर्डात विचारा.

"हे सुनेनं लिहिलं?"

"यादीत नसलेल्या रंगासाठी शेवटी एक जागा ठेवता येते, एवढं तिनं दाखवलं. मजकूर माझा. मागं एकदा वॉर्डातून बिनरंगाची पिशवी आली होती. आत सुया निघाल्या."

मुकादमांनी पाळीच्या फळ्यावरची एक ओळ पुसली आणि नवी लिहिली.

उद्या पाच-चाळीसला पडद्यासमोर: बटणमावशी. सातव्या खेपेनंतर ड्रम रिकामा धुतला जाईल.