तालुक्यातला एकमेव परवाना

लोहारा तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. सोलापूरला एका प्रदर्शनात मी आणि आमचे चित्रकलेचे सर, दोघांनी एक म्हातारा माणूस पाहिला. हॅम रेडिओच्या सेटसमोर बसून तो श्रीलंकेतल्या कुणाशी तरी पावसापाण्याचं बोलत होता. परतीच्या एसटीत सर म्हणाले, "सर, आपुन बी शिकू की हे!"

बोलायचं तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी परीक्षा. मधल्या सुट्टीत आम्ही प्रयोगशाळेत बसून टेबलावर पेनानं मोर्सच्या सांकेतिक लिपीची टकटक करायचो. मला तक्ता बघावा लागे, त्यांना नुसत्या कानानं कळायचं. "हे तर तबल्याचे बोल हायेत," म्हणायचे. मला ते टोचायचं. विज्ञानाचा माणूस मी होतो.

परीक्षेत मी पास झालो. ते सर्किटच्या गणितात अडकले. हसत म्हणाले, "पुढची परीक्षा कधी हाय तेवढं कळवा. तुमच्याच फोनवर येतंय सगळं."

तारीख आली. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मी फॉर्मची मुदत जाऊ दिली. विसरलो नव्हतो. तालुक्यात असा परवाना माझा एकट्याचाच असावा, असं वाटत होतं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

परवाना यायला वर्ष गेलं. जुना सेट आणला, पाण्याच्या टाकीपासून कडुलिंबापर्यंत तार ताणली. पहिल्याच रविवारी केरळातल्या एका माणसानं माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची माझी खूण, दोनदा उच्चारला. सोमवारी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सरांनी पेढा हातात धरला. "मधी परीक्षा होऊन गेली म्हणं?"

"व्हय का?" मी म्हणालो.

त्यांनी पेढा कागदावर परत ठेवला.

पंधरा दिवसांनी दारात दोन पोलीस. छतावर वायरलेस लावून मी परदेशाशी बोलतो, असा अर्ज गेला होता. परवाना दाखवला, तरी तपासणीसाठी सेट न्यावा लागला. सगळी गल्ली बघत होती. ठाण्यात साहेबांनी अर्ज पुढं सरकवला. खाली नाव नव्हतं. पण आमच्या शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिणारं ते वळणदार अक्षर मी कुठंही ओळखलं असतं.

"कुणावर संशय?"

"न्हाय," मी म्हणालो. नाव घेतलं असतं तर मुदतीचंही सांगावं लागलं असतं.

सेट धड परत आला. मी तो लावतो, लोकांचं बोलणं ऐकतो. बोलायचं बटण दाबवत नाही.

उन्हाळ्यात सरांची नळदुर्गकडं बदली झाली. निरोपाचं भाषण मुख्याध्यापकांनी मलाच करायला लावलं. मी तोंड भरून स्तुती केली. टाळ्या पडल्या. सर पुढं आले, हात जोडून म्हणाले, "लई चांगलं बोललात, सर."

मीही हात जोडले. दोघंही एकमेकांच्या चपलांकडं बघत होतो.