लाल रिबिनीची सायकल

मी आज जो काही आहे, तो माझ्या सुनंदाताईमुळे. घरातला पहिला पदवीधर मी. पण हुशार ती होती. भुताखेतांच्या गोष्टी मी नेहमी हसण्यावारी नेत आलो, त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो...

चांदूर रेल्वेच्या पुढे आमचा फाटा. एसटीतून उतरलं की गाव दोन किलोमीटर, दोन्हीकडे तुरी. ताई बारावीत असताना तिथल्या पुलावर मोटारसायकलवाली पोरं तिची वाट अडवायची. मी नववीत. सायकलने तिला आणायचं काम माझं, पण मला त्या पोरांची भीती वाटायची. मी गेलो नाही. बाबांना सगळं खरं सांगून टाकलं. बाबांनी पोरांना काहीच विचारलं नाही. ताईचं कॉलेज बंद केलं आणि वर्षभरात त्याच फाट्यावरच्या पुढच्या गावी तिला देऊन टाकलं.

"काहून सांगतलं रे तू?" एवढंच ती म्हणाली. पुढे तिनेच बाबांशी भांडून मला अमरावतीला शिकायला धाडलं. सायकल भंगारात गेली.

आता मी अकोल्याला नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात तिची मुलगी गौरी, अकरावीतली, फोनवर म्हणाली, "मामा, रोज मांगं सायकल घेऊन येता, मंग बोलत काहून नाही?"

"कोण, मी?"

"मंग कोण! तोंडाले दुपट्टा बांधला म्हणून का ओळखू येत नाही? हँडलले लाल रिबीन... पोरी हसतेत तुमाले. पण पुलावरचे पोट्टे आता दिसतच नाही."

गौरीची एसटी फाट्यावर येते तेव्हा, संध्याकाळी साडेपाचला, मी अकोल्यात ऑफिसच्या मशीनवर अंगठा लावत असतो. आणि तशी रिबीन माझ्या त्या भंगारात गेलेल्या सायकलला ताईने बांधली होती — गौरीच्या जन्माआधी.

एक दिवस रजा टाकून फाट्यावर जाऊन उभा राहिलो. गौरी एसटीतून उतरली. "आज पायी?" तिने विचारलं. सायकलवालं कोणी आलं नाही.

आठवड्याने ताईचा फोन आला, दबक्या आवाजात. "गावात बोभाटा झाला, पोरीच्या मांगं कोनी मानूस राह्यते म्हून. तुहे भाऊजी कॉलेज बंद करतो म्हनून राहिले. तो तू असशीन तं लिहून पाठव बाप्पा, दाखवतो त्याईले. तूच हायेस नं?"

तो कोण होता, मला आजही सांगता येत नाही. ताईला त्याच दिवशी पाठवलेलं पत्र मात्र असं —

"ती. ताईस साष्टांग नमस्कार.
गौरीच्या मागे सायकलवर येणारा माणूस मीच आहे. भाऊजींना सांग, सख्खा मामा आहे, काळजी नसावी. तिचं कॉलेज बंद करू नये.
मागच्या वेळी मी आलो नव्हतो.
तुझा भाऊ"