काचेवरचा आकडा

माझी भाची अनघा पहिली आली आणि हरली. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

जुन्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यती होत्या. रस्ता सरळसोट, एका वेळी दोनच गाड्या. अनघाने दाजींची, म्हणजे तिच्या वडिलांची, जुनी गाडी आणली होती. दाजी होते तेव्हा ती इतकी हळू चालायची की आम्ही तिला बैलगाडीच म्हणायचो. शर्यतीचा नियम असा, की आपल्याला किती सेकंद लागतील ते आधीच काचेवर लिहायचं. त्याहून लवकर पोचलात तर बाद!

"मामा, लिहिलं होतं त्याच्या आत पोचले!" ती सांगत आली.

"अगं, मग चांगलंच की!"

"कसलं चांगलं? बाद झाले ना!"

आणि वर हसत होती. जन्मभर मी पोरांना सांगत आलो, झेपेल त्याहून थोडं जास्त धावून बघा. इथे मात्र आपल्याला किती झेपतं हे नेमकं सांगणाराच जिंकतो. मग माणसाने आधी स्वतःला ओळखायचं की आधी धावायचं? डोकं भणभणलं. जळक्या टायरांच्या वासानेही असेल.

तिची समजूत काढावी की पाठ थोपटावी, ठरेना. ती ओल्या फडक्याने काचेवरचा आकडा पुसत होती. मध्येच थांबली, तापलेल्या बॉनेटवर तळहात ठेवला.

"बाबांच्या गाडीला मीच कमी लेखलं, मामा."