गयाआत्याचे पाय

हदगावच्या स्टँडवर गयाआत्या एसटीत चढेना. दांडी घट्ट धरून पायरीवरच उभी, मागं माणसं ओरडतायत. बाबांची ही थोरली बहीण साठीची होती, पण समज चार-पाच वर्षांच्या लेकराची. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, तिथल्या एका कचेरीत मला नोकरी लागली होती, आणि इकडं दुष्काळानं गावात काम उरलं नव्हतं. सोबत म्हणून मी आत्याला नेत होते. शेवटी कशीबशी आत बसवली, तेव्हा आई खिडकीशी येऊन म्हणाली, "रिकामी बसवू नको गं तिला." मला रागच आला. जन्मभर पाणी भरायला लावलंत, आता तरी आराम करू द्या की!

तेव्हा पत्रांत मी तुम्हा भावंडांना "आत्या मजेत" एवढंच कळवायची. खरं काय झालं ते आज लिहिते.

लातूरच्या खोलीत नळ होता. आत्यानं झाडू उचलला की मी काढून घ्यायची. तिला गादीवर बसवायचं, चहा-बिस्किटं हाताशी ठेवायची, हरवू नये म्हणून बाहेरून कडी लावायची आणि ऑफिस गाठायचं. सहा-सात महिने असे गेले. ती बोलेनाशी झाली. मला वाटलं, रुळली.

एका संध्याकाळी कडी काढली, तर आत्या ओल्या गादीवर बसलेली. उठवायला गेले तशी माझ्या अंगावर कोसळली. घाबरून तिनं मलाच विचारलं, "शांते, माझे पाय कुठं गेले गं?"

डॉक्टरांनी तपासलं. "आजार काही नाही. किती दिवस बसवून ठेवलंय यांना?"

ज्यांच्यावर मी रागावले होते, त्यांनी तिला राबवलं, पण चालती ठेवली. मी लाडानं तिचे पाय काढून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून कडी लावणं बंद. भिंत धरून दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत. रोज. समोर काशीबाईंचं डाळीचं दुकान होतं. एक दिवस त्यांनीच हाक मारली, "अक्का, या की इकडं, डाळ निवडू लागा." आमची जात कळल्यावर दोन लिंगायत घरांनी मला खोली नाकारली होती. काशीबाईही लिंगायतच. त्यांनी सूप आत्याच्या हातात दिलं आणि दुपारी आपल्या ताटाशेजारी तिचं ताट मांडलं.

निवडता निवडता आत्या डबे उचलू लागली, दुकान झाडू लागली. वर्षभरात गल्लीच्या टोकापर्यंत डाळ पोचवायला एकटी जायला लागली. बोलायलाही लागली, लई बोलायला.

पुढं एका लग्नाला आम्ही गावी आलो, आठवतं ना? तिसऱ्या सकाळी आत्या बोचकं बांधून अंगणात उभी.

"कुठं निघालीस गं?" आईनं विचारलं.

"घरी. काशीबाई वाट बघून राहिली."

साठ वर्षं काढलेल्या अंगणातून आत्या झपाझप बाहेर पडली, मागं वळूनही न बघता. मी अनवाणीच तिच्यामागं धावले. माझं घर कुठलं, हे मात्र मला अजूनही तिच्यासारखं एका शब्दात सांगता येत नाही.