अज्जीनं चौडम्माला विचारलं ते

आमचे हे गेले तेव्हापासून मी देवावर रुसले होते. ते दवाखान्यात असताना मी अंबाबाईला कौल लावला होता आणि फूल उजवीकडं पडलं होतं. उजवं फूल म्हणजे आईचा होकार. सासूबाईंनी लगेच पेढ्यांचं ठरवूनही टाकलं. त्याच आठवड्यात हे गेले. मग कसले पेढे अन् कसलं काय! मी देवघराकडं पाठ फिरवली. सासूबाई रागावल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "रुस बाई, पण घरातल्या घरात रुस. चार लोकांत तिला नावं ठेवू नको." बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीत निम्मी कानडी मिसळलेली; त्या भाषेत सांगायचं तर माझा रुसवा काही स्वल्प, म्हणजे थोडका, नव्हता.

कामानं तेवढं मला उभं ठेवलं. मी डोळ्यांची टेक्निशियन, डॉक्टर नव्हे. येलहंक्याहून आमची व्हॅन निघते आणि देवनहळ्ळीच्या पलीकडच्या खेड्यांत जाते. तिथं डोळ्यांचा डॉक्टर सोडाच, चष्म्याचं दुकानसुद्धा नसतं. मी लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते, मोतीबिंदू आहे का बघते, नंबर काढते आणि ज्यांना गरज आहे त्यांना बेंगळूरला दवाखान्यात पाठवते. कुणी डोळ्यात एरंडेल घालून आलेलं असतं, कुणी मध, कुणी कसल्याशा पाल्याचा रस. मी तोंडाची फटकळ. "अज्जी, डोळा आहे का लोणच्याची बरणी?" असं विचारते, आणि त्या पदर तोंडाला लावून हसतात. त्या हसल्या की मलाही जरा बरं वाटतं.

त्या दिवशी आमचं शिबिर एका गावात चौडम्माच्या देवळात होतं. चौडम्मा ही तिथली ग्रामदेवी. बत्तीनं डोळा तपासायला अंधार लागतो, म्हणून पुजारप्पांनी गाभाऱ्याशेजारची भांड्याकुंड्यांची खोली मला रिकामी करून दिली. एक अज्जी, म्हणजे म्हातारी आजी, मोतीबिंदू दाखवायला आली. तिच्या कडेवर नात होती, नुकतीच पावलं टाकू लागलेली, गळ्यात झेंडूचा हार. तिला सगळे पुट्टी म्हणत, म्हणजे छोटी. पुट्टी सारखी माझ्या बत्तीवर झडप घालत होती, म्हणून मी खेळता खेळता तिच्या डोळ्यांत उजेड टाकला. निरोगी डोळ्यातून लालसर, केशरी चमक परत येते. पुट्टीच्या एका डोळ्यातून तशी आली. दुसऱ्यातून आली ती पांढरी, मांजराच्या डोळ्यासारखी.

लहान मुलाच्या डोळ्यात अशी पांढरी चमक दिसली तर आत गाठ असू शकते, आणि ती गाठ वाढली तर नुसता डोळा नाही, जीवही जातो, हे आम्हाला बजावून बजावून शिकवलेलं असतं. मी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आजच घेऊन या. उद्यावर टाकू नका."

मी परत आत आले, तर अज्जीच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "दिसला ना अक्का, तुलाही दिसला ना?" ती कानडीत म्हणाली. "चौडम्माचा उजेड आहे तो. पोरीच्या डोळ्यात येऊन बसलीय माझी आई." मग सगळं कळलं. आरतीच्या वेळी दिव्यासमोर पुट्टीचा डोळा असा चमकताना कुणीतरी पाहिलं होतं. तेव्हापासून दर मंगळवारी, शुक्रवारी तिला देवीशेजारी पाटावर बसवत. बाया तिला हळदकुंकू लावत, पाया पडत. ते एवढंसं लेकरू, गळ्यात झेंडूचा हार घालून, मुकाट बसून राहायचं म्हणे.

मला रडूही आलं आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला. "अज्जी, ही देवी नाही, रोग आहे! पोर हातची जाईल!" माझा आवाज सभामंडपात गेला. बाया धावत आल्या. एकजण म्हणाली, देवीला रोग म्हणणारीला गावात घेतलंच कुणी? अज्जीनं पुट्टीला पदराखाली झाकलं. पोरीचे आईबाप दोघंही विमानतळाकडं कामाला गेलेले. मी त्यांना फोन केला, तर बाप घाबरून एवढंच म्हणाला, "अव्वा म्हणेल तसं." अव्वा म्हणजे त्याची आई, ही अज्जी. त्या घरात शब्द तिचाच होता. आणि अज्जी म्हणाली, "थांब. मी आईला विचारते."

झालं! पुजारप्पांनी दोन फुलं पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवली. अज्जी पुट्टीला मांडीवर घेऊन समोर बसली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात पुटपुटली. मी खांबाला टेकून उभी होते. फुलांवर माझा विश्वास उरला नव्हता, पण एका लेकराचा जीव आता एका फुलावर येऊन अडकला होता. कधी हात जोडले मलाच कळलं नाही. आई, मी तुझ्यावर रुसलेय, ते असू दे, पण हिला जाऊ दे ग माझ्याबरोबर, एवढंच मनात येत राहिलं. नवस नाही, काही नाही. बोलायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

फूल पडलं. डावीकडं.

बायांनी सुस्कारा सोडला. पुजारप्पा हळू आवाजात म्हणाले, "आई नको म्हणते." मी तिथंच खाली बसले. म्हटलं, संपलं. हिनं माझा नवरा नेला, आता या चिमुरडीलाही सोडत नाही.

पण अज्जी उठली. पुट्टीच्या गळ्यातला हार काढून तिनं देवीच्या पायाशी ठेवला. म्हणाली, "पुजारप्पा, नेऊ का, असं मी विचारलंच नाही. मी विचारलं, आई, पोरीच्या डोळ्यातला उजेड तुझा का? नाही म्हणाली. तिचा नाही, तर मग मी तो कशाला सांभाळू? चल अक्का, कुठं न्यायचं ते सांग."

देवनहळ्ळीला पुट्टीचे आईबाप व्हॅनमध्ये चढले. पुट्टी माझ्या मांडीवर झोपली होती. डॉक्टरांनी तपासलं, तर गाठच निघाली. तो डोळा काढावा लागला. दुसरा डोळा चांगला होता, गाठ पुढं पसरली नव्हती, जीव वाचला. आणखी थोडे दिवस गेले असते तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. अज्जी दवाखान्याच्या व्हरांड्यात ऊर फुटेस्तो रडली, आणि मी तिच्याबरोबर रडले.

तो प्रश्न अज्जीला कुणी सुचवला, मला ठाऊक नाही. मी तिच्या जागी असते तर 'नेऊ का' हेच विचारलं असतं. मी देवीकडं नेहमी मला हवं तेच मागत आले, आणि मिळालं नाही की तोंड फिरवून बसले. अज्जीनं आपलं सगळ्यात लाडकं जे होतं, तेच देवीपुढं ठेवून विचारलं, हे तुझं का? आणि नाही ऐकायची तयारी ठेवली. असा धीर मला कधी झाला नव्हता. अजूनही रोज होतो असं नाही. पण त्या दिवसापासून मी देवीशी बोलते. कधी भांडते, पण बोलते.

परवा त्या गावात पुन्हा शिबिर होतं. पुट्टीला आता नकली डोळा बसवलाय, नीट बघितल्याशिवाय कळत नाही. शुक्रवार होता, देवळात बायांची गर्दी. पुट्टी नाक ओघळतंय, झग्याला चिखल लागलाय, अशी पळत आली, एका बाईच्या ताटातला केळ्याचा तुकडा उचलून पळाली आणि पाठीत एक धपाटा खाऊन मोठ्यांदा रडायला लागली. अज्जी माझ्याजवळ सरकली. पदरानं डोळे पुसत हसत म्हणाली, "बघितलंस अक्का? आता तिच्या कुणी पाया पडत नाही."