धाकूची पितळी

मथुराकाकीचा दरारा म्हणजे काय विचारू नका. हातखंब्याच्या अलीकडच्या त्या वाडीत ती उठून उभी राहिली की भांडणारी माणसंसुद्धा गप्प होत. ऐन तारुण्यात नवरा तापानं गेला, पदरात एकुलता धाकू. दिरांनी माहेरी जा म्हणून सुचवून पाहिलं, तेव्हा बाईनं पदर खोचला आणि नांगरामागं उभी राहिली. बाईनं नांगर धरला म्हणून गाव नाकं मुरडत होता. मुरडा म्हणाली, दुखतील तेव्हा थांबाल.

एवढी गावाला न जुमानणारी बाई, पण घरातल्या रीतीभातींना मात्र भलतीच जपायची. सणाला नैवेद्य चुकायचा नाही, सुनेनं सासरच्या मोठ्यांपुढून उघड्या डोक्यानं जायचं नाही, आणि नवरा जेवून उठला की बायकोनं त्याच्याच पितळीत वाढून घ्यायचं. पितळेचं ते जेवणाचं ताट तिच्या लग्नातलं. नवऱ्यामागून ती त्यातच जेवली होती, आणि आता धाकूची बायको हौसा जेवत होती. हौसा ही तिच्या भावाचीच मुलगी. भाऊ मुलगी द्यायला का-कू करत होता, तेव्हा काकीनं त्याच्यापुढं पदर पसरला होता. माझ्या पोटच्या पोरीसारखी सांभाळीन, असा शब्द दिला होता.

धाकू मुंबईला गिरणीत लागला होता. शिमग्याला यायचा, पावसाळ्यासाठी आगबोट बंद व्हायच्या आत परत जायचा. एकोणीसशे बत्तीसच्या दिवाळीनंतर तो अवेळीच आला. रत्नागिरीच्या बंदरावरून बैलगाडीत आडवा होऊन आला. अंगावर नुसती हाडं, आणि खोकला असा की ऐकणाऱ्याच्या छातीत दुखावं. आल्या आल्या त्यानं आईजवळ एकच मागितलं. चाळीत त्याच्या शेजारी एक खोकणारा माणूस होता. त्याला लोकांनी सज्ज्याच्या टोकाला टाकलं होतं, भाकरी लांबून सरकवायचे. तो मेला तेव्हा कुणाला दुपारपर्यंत पत्ता नव्हता.

"आये," धाकू म्हणाला, "माला तसा ठेवू नको. माणसात मरू दे."

काकीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मरणाचं नाव काढायचं नाही म्हणून दटावलं, आणि मागच्या दारी जाऊन रडून घेतलं.

आता हौसाचं ऐका. धाकूच्या थुंकीत रक्त दिसलं त्या दिवशी तिनं जेवताना केळीचं पान घेतलं. बिचारीला शिसारी आली असेल, भीती वाटली असेल, काही का असेना. काकीनं पाहिलं मात्र, आणि तिचं टाळकंच फिरलं. नवऱ्याचा उष्टा नको झाला काय गो तुला, म्हणून तिनं पोरीला फैलावर घेतलं. मुंबईला तो कुणासाठी घाम गाळत होता, वगैरे वगैरे. हौसानं पान बाजूला केलं आणि खाली मान घालून पितळी ओढली. आतल्या खोलीत धाकू सगळं ऐकत पडला होता. त्याला आपल्या आईचा तेव्हा आधार वाटला. म्हणून काकीलाही बरं वाटलं.

त्याच थंडीत कर्णिक नावाचे एक गृहस्थ वाडीत आले. मुंबईला विद्यापीठात अभ्यास करणारे. गिरणीतून आजारी होऊन गावी परतलेल्या माणसांचं पुढं काय होतं, त्यांच्या घरच्यांचं काय होतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. असल्या गोष्टीचा कुणी अभ्यास करतं हेच वाडीला नवल. पण माणूस सालस. घोंगडीवर बसायचे, पेज दिली तर प्यायचे, आणि घरोघर तेच ते विचारायचे. घरात माणसं किती, आजारी कुठं निजतो, त्याच्याजवळ कोण निजतं, तो कशात जेवतो.

काकीच्या अंगणातही त्यांनी तेच विचारलं. काकीनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमच्या घरात रीत मोडत नाही. सून अजून नवऱ्याच्याच पितळीत जेवते.

कर्णिक लिहायचे थांबले. सावकाश, शब्द जुळवत त्यांनी सांगितलं की हा क्षय आहे. लांज्याकडं त्यांनी अशी घरं पाहिली होती. आधी नवरा गेला, मागून त्याच्या पितळीत जेवणारी, त्याच्या उशाशी निजणारी बायको गेली. हौसाचं ताट आणि अंथरूण आजच वेगळं करा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

काकीनं त्यांना अंगणातून घालवून दिलं. आमच्या घरात फूट पाडायला आलास काय, इथपर्यंत बोलली. कर्णिक गेले. काकी मात्र तिथंच बसून राहिली. हौसा विहिरीवरून हंडा घेऊन येत होती. भावाला दिलेला शब्द काकीला आठवला, आणि त्या पोरीला आपणच दटावून रोज काय खायला लावतोय, ते तिला कळलं.

पण सांगणार कसं? ताट वेगळं केलं की धाकूला कळणार, आपल्याला माणसातून काढलं. नाही करावं तर भावाची पोर जाते. कुणाला धरावं आणि कुणाला सोडावं? कुठल्याही आईवर ही पाळी येऊ नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकू जेवून भिंतीला टेकला. हौसा पितळीला हात घालणार, तोच काकीनं ती आपल्यापुढं ओढली. म्हणाली, देवीला नवस बोललेय, पोरगा उठेपर्यंत त्याचं उष्टं मीच खाणार. हौसाला तिनं पान मांडायला लावलं. तिचं अंथरूणही नवसाचंच कारण सांगून माजघरात घातलं, आणि स्वतः लेकाच्या उशाशी निजायला लागली. आईला लेकराच्या उष्ट्याचं काय? लहानपणी कितीदा खाल्लं होतं. हौसाला नवस खरा वाटला.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी काकीनं त्याला मऊ भात आणि कुळथाची पिठी वाढली. धाकूनं चार घास खाल्ले. मग तांब्या उचलला, आणि उरलेल्या भातावरच पाणी ओतून पितळीत हात धुतला. हात धुतलेल्या ताटात मग कुणी जेवत नाही, ते सरळ घासायलाच जातं. अन्नावर असं पाणी ओतणाऱ्याला काकीनं एरवी उभा सोलला असता.

"नवस पुरा झाला, आये," धाकू म्हणाला. "आता माजी पितळी निराळी ठेव. आणि तू पण माजघरात नीज."

कर्णिक अंगणात बोलत होते तेव्हा कुडाच्या भिंतीपलीकडं तो जागाच होता. इतके दिवस त्याला माणसात राहायचा मोह सोडवत नव्हता, एवढंच. काकीला हुंदका आवरेना. तिनं त्याच्या ओल्या हाताला धरून ठेवलं, तो सोडवून घेत होता तरी.

धाकू चैत्रात गेला. त्याला पाणी पाजायला दोघीही उशाशी होत्या.

पुढच्या थंडीत कर्णिक पुन्हा आले, बिचकतच. या खेपेला काकीनं स्वतः घोंगडी टाकली. हौसा धडधाकट होती, भात झोडपत होती. कर्णिकांनी तिच्याकडं पाहून विचारलं, ताट कधी वेगळं केलंत?

"मी नाय केला," काकी म्हणाली. "माज्या पोरानं केलान. त्याचा नाव लिवा."

त्यांच्या अभ्यासात माणसांची नावं घालायची पद्धत नव्हती. हे तिला सांगायला त्यांची जीभ उचलेना. त्यांनी नाव लिहिलं. काकीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते त्यांना दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं.