बसूच्या पिकअपची स्टेपनी

माझा मेहुणा बसवराज एकदा स्वतःच्या गाडीखाली मरता मरता वाचला. गेला तो मात्र घरी, आपल्या पलंगावर, सकाळचा चहा पिऊन.

आज त्याला वर्ष झाले.

ज्यांनी त्याला पाहिले नाही, त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या पत्नीचा हा धाकटा भाऊ. लग्न केले नाही. सास्तूरला आमच्याच घरी राहत असे आणि पिकअप चालवत असे. सोयाबीनची पोती, मांडवाची भांडी, कोणाच्या मुलीच्या लग्नातले कपाट, जे मिळेल ते नेत असे.

बायपास झाल्यावर डॉक्टरांनी त्याला जड उचलण्याची सक्त मनाई केली. त्याने मान डोलावली. पुढे थोड्याच दिवसांत लोहाऱ्याच्या रस्त्यावर टायर पंक्चर झाले.

पिकअपची स्टेपनी मागच्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. ती काढायला तो उताणा होऊन आत शिरला, आणि मग दम कोंडून त्याला बाहेर येता येईना. रस्त्याने जाणाऱ्या लोकांनी पाय धरून ओढून काढला.

त्या संध्याकाळी त्याच्या अक्काने, म्हणजे माझ्या पत्नीने, गाडीची किल्ली आपल्या ताब्यात घेतली.

“गाडी इकायची.”

“अक्का, गाडी न्हाय तर मी करू काय? दाजींसारखं पेपरातल्या चुका काढत बसू?”

“बस की. त्यानं कोण मेलंय का आजवर?”

बसूने अन्नपाणी सोडले, असे मी लिहिणार नाही. तो व्यवस्थित जेवत होता. पण दिवसभर दारात बसून, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून ती कोणाची, हे सांगत होता.

ते मला पाहवेना.

मी म्हणालो, “स्टेपनी खालून काढू आणि वर हौद्यात बसवू. गाडीखाली शिरण्याचा प्रश्नच राहणार नाही.”

आम्ही दोघे कामाला लागलो. मी मापे घेतली, त्याने भंगारातून पाइप शोधून आणला, गावातल्या वेल्डरने जोडून दिला. केबिनच्या पाठीला लागून चाक दिमाखात उभे राहिले.

पत्नीने हौद्यात डोकावून पाहिले.

“आन् पोती भरल्यावर? ह्या चाकापाशी जायचं कसं, उडत?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्ही रिकाम्या गाडीसाठी स्टँड तयार केला होता.

“दाजी,” बसू म्हणाला, “तुमचं माप बरूबर हाय. जागा तेवढी चुकली.”

पुन्हा कापले, पुन्हा जोडले. आता पाइपचा खांब मागच्या कोपऱ्यात, फाळक्याजवळ आला. त्याला वर आडवा दांडा होता आणि तो जागच्या जागी फिरे. विहिरीवरच्या दोन जुन्या कप्प्या त्याला लावल्या, म्हणजे दोराने ओढताना निम्माच भार हाताला येईल. चाक टांगण्याच्या खुंटावरून सोडवायचे, खांब बाहेर फिरवायचा, दोर हळूहळू सोडायचा. चाक अलगद जमिनीवर.

तरीही किल्ली मिळेना. पत्नीने अट घातली.

“चाक उतरवायचं, परत चढवायचं. आन् सगळा येळ बोलत ऱ्हायचं. दम लागला की माणसाचं बोलणं तुटतं. तुटलं की गाडी इकली.”

“पण बोलू काय?”

“रोज इचारून बोलतोस व्हय?”

अंगणात तो कंडक्टर झाला. “चला, लोहारा, माकणी, लोहारा! दाजी, तिकीट काढा, मास्तरला फुकट न्हाय!” चाक उतरले. शेजारीपाजारी हसत होते.

चढवताना तो म्हणाला, “उमरगा... येणेगूर...”

आणि थांबला.

दोर ताणलेला, चाक अधांतरी. पुढचे गाव सांगायला मी तोंड उघडले.

“तुमी गप बसा,” पत्नी म्हणाली.

“...नळदुर्ग,” बसू हळूच म्हणाला. चाक खुंटावर बसले.

बोलणे तुटले होते. ते मी पाहिले होते, तिनेही पाहिले होते. ती उठली, पदराने त्याचे कपाळ पुसले आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“एकट्यानं जायचं न्हाय. दाजी संगं येतील.”

“दाजींना चाक उचलतंय व्हय?”

“चाकासाठी न्हाय. तुज्यावर ध्यान ठेवायला.”

मला कोणी विचारले नाही. आयुष्यभर शाळेच्या वेळापत्रकाने चाललेला मी, रोज सकाळी मफलर गुंडाळून पिकअपच्या केबिनमध्ये बसू लागलो.

स्टेपनी काढण्याची वेळ पुढे आलीच. तेव्हा दोर मी ओढत असे आणि तो हौद्याला टेकून हुकूम सोडत असे. “हळू, दाजी! चाक हाय ते, पोरांची वही न्हाय भिरकावायला!”

चहाच्या प्रत्येक हॉटेलासमोर तो गाडी अशी उभी करी, की खांब लोकांच्या नजरेत भरावा. कोणी विचारले की म्हणे, “आमच्या दाजींचं डोकं हाय.” हे पुरते खरे नव्हते. मी कितीदा दुरुस्त केले, त्याने कधी ऐकले नाही.

आता लोहाऱ्याला मी एसटीने जातो. खिडकी मिळते. शेजारी कोणी बडबडत नाही.

अजूनही एखाद्या सकाळी मी मफलर गुंडाळून अंगणात येतो. कशासाठी आलो, ते बाहेर आल्यावर आठवते. मग तिथेच थोडा वेळ उभा राहतो.

काल मी पत्नीला विचारले, “त्या दिवशी त्याचे बोलणे तुटले, ते तुला दिसले होते. तरी किल्ली का दिलीस?”

ती शेंगा निवडत होती.

“दिली नसती तर आजून जगला असता, आसंल,” ती म्हणाली. “पण माझ्यावर रुसून. ते मला सोसलं नसतं.”

बसू, हट्टाने मागितलेली गाडी तुला शेवटपर्यंत मिळाली. आम्हाला मात्र तू पुरला नाहीस.

वयाने मोठे असलो, तरी आज आम्ही दोघे तुला हात जोडतो.